पाली दरवाजाच्या वाटेवर: एका रविवारचा घटनाक्रम

पुढचा दिवस कुठल्याही एका घरातला नाही. एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यांत कुत्र्याला हातांवर उचलून आणणारी माणसं जे सांगतात, आणि जे सांगायचं विसरतात, त्यावरून तो जुळवला आहे. कुत्र्याचं नाव ब्रूनो ठेवलंय, कारण पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी ब्रूनो असतोच. वाट मात्र खरी आहे: राजगडाची, पाली दरवाजाची. तास उलटे मोजलेत, ब्रूनो खाली पडला त्या क्षणापासून मागे.

शनिवार, रात्री ९:३० — पडायला १४ तास ४० मिनिटं

हॉलमध्ये सॅक पसरल्या आहेत. भाऊ, बहीण आणि भावाचे दोन मित्र. थेपले, चिक्की, सुक्या मेव्याची पिशवी, माणशी दोन लिटर पाणी. एका डब्यात क्रेप बँडेज, बँडएड, बीटाडीन, ओआरएसची पाकिटं, ब्रुफेनची स्ट्रिप. ब्रूनोसाठी पट्टा, बिस्किटं आणि त्याचा लाडका बॉल.

"त्याचं पाणी?" बहीण विचारते.

"पिईल की आपल्यातलं. वर तळं आहेच."

घरात लोळून काढलेल्या दिवशीसुद्धा कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. ब्रूनो सात वर्षांचा, ३८ किलोचा. लॅब्राडॉर नराला ३६ किलोच्या आतलं वजन शोभतं. म्हणजे काहीही न करता त्याला दोन लिटर हवं, आणि उन्हात चढायचं तर त्याच्या दुप्पट धरून चालावं. सॅकमधल्या आठ लिटरांत त्याच्या नावावर थेंबही नाही. ते दोन वरचे किलो पुढे दोनदा नडणार आहेत: एकदा चढताना त्याला, एकदा उतरताना त्याला उचलणाऱ्यांना.

आता डब्याविषयी. ऑनलाइन दुकानांत कुत्र्यांसाठी तयार प्रथमोपचाराचे पाऊच मिळतात, वर पंजाचं चित्र, आत चाळीसेक वस्तू. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. त्यातल्या निम्म्या वस्तू माणसांच्या डब्यातूनच उचललेल्या असतात, आणि ज्यांच्यावाचून खरोखर अडतं त्या नसतात. पहिली वस्तू म्हणजे साधा डिजिटल थर्मामीटर, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो तोच, आणि सोबत व्हॅसलिनची छोटी डबी. कुत्र्याचं तापमान गुदद्वारातून घ्यायचं असतं; थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून ते इंचभर आत सरकवायचं, बीप होईपर्यंत शेपूट हाताने धरून ठेवायची. ही गोष्ट गडावर पहिल्यांदा करून पाहायची नसते. घरी दोन-चार वेळा, बिस्कीट देत देत केली की कुत्रंही सरावतं आणि आपल्यालाही त्याचं रोजचं तापमान कळतं. माणसाला १०१ म्हणजे ताप. कुत्र्याला १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे सगळं ठीक.

दुसरी वस्तू जाड सुती चादर. तिच्यात कुत्रं उचलता येतं, ती सावलीला बांधता येते. मग घडीचा वाडगा, सलाइनची बाटली (जखम धुवायला, टोचायला नव्हे), गॉज, कापसाचा रोल, स्वतःलाच चिकटणारी पट्टी जिला दवाखान्यात वेटरॅप म्हणतात, गोचिड काढायला बारीक चिमटा, कापलेल्या पंजावर चढवायला जुने सुती मोजे, एक जादा पट्टा. आणि फोनमध्ये दोन नंबर: चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याचा, आणि तो उचलला गेला नाही तर दुसऱ्याचा. नंबर शोधायचे नाहीत, सेव्ह केलेले हवेत. डोंगरात रेंज येते-जाते.

ब्रुफेनची स्ट्रिप माणसांसाठी राहू दे, पण ती कुत्र्याला द्यायची नाही हे घरात सगळ्यांना माहीत हवं. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅकचंही तेच. गिधाडांचा काळ ठरला म्हणून २००६ मध्ये जनावरांच्या औषधांतून त्याच्यावर बंदी आली. माणसांच्या औषधांत ते आजही आहे, आणि ट्रेकच्या डब्यात हमखास सापडतं. सुक्या मेव्याच्या पिशवीकडेही एकदा बघून घ्यावं: मनुका आणि द्राक्षं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील ते आधी सांगता येत नाही.

रात्री अकराला आई दारातून म्हणते, "ऊन्ह फार आहे रे, त्याला कशाला नेताय?" दोघंही एकदम सांगतात की त्याला मजा येते. ते खरंच आहे.

रविवार, सकाळी ६:४० — पडायला ५ तास ३० मिनिटं

साडेचारचा गजर लावला होता. निघायला पावणेसात. एक मित्र झोपून राहिला, एकाच्या गाडीत पेट्रोल नव्हतं. माणसांच्या ट्रेकमध्ये दोन तासांच्या उशिराची किंमत म्हणजे थोडा जास्त घाम. कुत्र्याच्या ट्रेकमध्ये हाच उशीर सगळ्यांत महाग पडतो.

नसरापूरला मिसळ. ब्रूनो मागच्या डिकीत, एसीची हवा तिथवर नीट पोचत नाही, आणि तो निघाल्यापासूनच धापतोय. उत्साहाने धापतोय असं सगळ्यांना वाटतं. मिसळ येईपर्यंत गाडी सावलीत, काचा बोटभर उघड्या. काच बोटभर उघडी ठेवली म्हणून उभी गाडी आत तापायची थांबत नाही. नशिबाने बहीण दहा मिनिटांत उठून त्याला बाहेर काढते.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्यायची. मार्च-एप्रिलमध्ये ऊन एकाएकी चढतं, आणि त्या उन्हाची सवय व्हायला कुत्र्याच्या शरीराला काही आठवडे लागतात. फ्लॅटमधल्या ब्रूनोने ते आठवडे एसीखाली काढलेत. रोज पहाटे टेकडीवर जाणारं कुत्रं आणि रविवारीच घराबाहेर पडणारं कुत्रं, दोन्ही लॅब्राडॉर असले तरी शरीराने वेगळे असतात.

सकाळी ८:५० — पडायला ३ तास २० मिनिटं

मार्गासनी मागे टाकून गाडी पालीला लागते. गडावरच्या वाटांत ही सोपी. चोर दरवाजाच्या वाटेला कड्यावर रेलिंग धरून चढावं लागतं. पाली दरवाजाला रुंद दगडी पायऱ्या आहेत. म्हणून कुत्र्याला घेऊन येणारे हीच वाट धरतात. पण सोपी याचा अर्थ सावलीची नव्हे. खालच्या टप्प्यात थोडी झाडी, पुढे उघडा डोंगर.

ऊन्ह आत्ताच चटका देतंय. उलटा हात वाटेवरच्या कातळावर टेकवून पाहावा. सहा-सात सेकंद ठेववत नसेल तर तो दगड पंजांनाही सोसणार नाही. हात कोणी टेकवून पाहत नाही. सगळ्यांच्या पायांत जाड तळव्याचे बूट आहेत.

गावातली दोन कुत्री पुढे येतात, गुरगुरणं होतं, ब्रूनोचा पट्टा आखडून धरला जातो. रेबीजचं इंजेक्शन वेळेवर झालेलं असल्यामुळे ती काळजी नाही. घाईतही एवढं एक काम या घराने नीट केलंय.

इथून मागे फिरून नदीकाठी, झाडाखाली दिवस काढता आला असता. असा पर्याय सुचवणारा माणूस गटात असला तरी तो गप्प बसतो. दोन तास गाडी चालवून आल्यावर पायथ्यावरून परतायचं म्हणजे काय, असं त्याला स्वतःलाच वाटतं.

सकाळी १०:०० — पडायला २ तास १० मिनिटं

अर्धी वाट. माणसं घामाने भिजलेली, म्हणजे त्यांची यंत्रणा नीट चालू आहे. ब्रूनोला ती सोय नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांपुरता, त्याने अंग गार होत नाही. त्याची सगळी भिस्त धापेवर. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओलाव्यावरून हवा जोरात फिरवायची, ओलावा उडतो तेव्हा उष्णता घेऊन जातो. याला दोन अटी: तोंडात ओलावा हवा आणि बाहेरची हवा फार दमट नको. शिवाय धापणं हेसुद्धा स्नायूंचं काम आहे, त्यातूनही उष्णता निर्माण होते. एका मर्यादेपुढे कुत्रं गार होण्यासाठी जेवढं झटतं तेवढं आणखी तापतं. पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्या आखूड नाकात हवा फिरायला जागाच कमी, त्यांची मर्यादा फार लवकर येते; पण लांब नाकाच्या लॅब्राडॉरला कवच मिळालंय असं मुळीच नाही.

उष्माघात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंद गाडीत कोंडलेलं कुत्रं येतं. ब्रिटनमध्ये रॉयल व्हेटरनरी कॉलेज आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दवाखान्यांतल्या नोंदी चाळल्या तेव्हा निराळंच दिसलं: उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश व्यायामामुळे आजारी पडली होती. फिरणं, धावणं, खेळणं. आणि तो ब्रिटन आहे, एप्रिलमधला मावळ नव्हे.

बाटलीच्या झाकणातून आणि ओंजळीतून ब्रूनोला पाणी मिळतं. निम्मं मातीत जातं. वाडगा असता तर त्याने अर्धा लिटर सहज संपवलं असतं.

वाटेत गावातलं एक काळं कुत्रं त्यांच्यासोबत आलंय. ते करवंदीच्या जाळीखाली घुसतं आणि तिथेच पसरतं. हाक मारली तरी उठत नाही, बिस्किटालाही नाही. ब्रूनो मात्र बहिणीने सॅक उचलताक्षणी उभा. लॅब्राडॉर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या शब्दावर पाण्यात उडी घेण्यासाठी वाढवलेली जात. "नको" म्हणणं तिच्या स्वभावात नाही. त्यामुळे कुत्रं चालतंय म्हणजे त्याला झेपतंय, हा हिशेब निदान लॅब्राडॉरच्या बाबतीत लावू नये. थांबायचं कधी ते माणसाने ठरवायचं.

सकाळी १०:५५ — पडायला १ तास १५ मिनिटं

पाली दरवाजा. टाळ्या, शिट्ट्या, "ब्रूनो भाई, जिंकलास!" रील निघतं. त्यात ब्रूनोचे ओठ मागे ओढलेले, जीभ रुंद होऊन टोकाशी पळीसारखी पसरलेली, डोळे बारीक. खाली लिहिलं जातं: कसा हसतोय बघा.

तो हसत नाहीये. जीभ अशी पसरते ती जास्तीत जास्त हवा लागावी म्हणून. लाळ पाण्यासारखी गळत नाही, चिकट तार धरते. कोणी वरचा ओठ उचलून पाहिला असता तर हिरड्या नेहमीच्या गुलाबी नाही, विटेसारख्या लाल दिसल्या असत्या. हिरडीवर बोट दाबून सोडलं की तिथे पांढरा ठिपका उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग भरतो. ही दोन सेकंदांची चाचणी घरी, कुत्रं धडधाकट असताना करून बघावी. मग बिघाड डोळ्यांना लगेच कळतो.

पद्मावती माचीवर देवळाच्या सावलीत ब्रूनो फरशीवर पोट टेकवून पसरतो. थोड्या वेळाने उलटी. "सकाळचा पराठा असणार," मित्र म्हणतो. ताक विकायला बसलेली मावशी बराच वेळ बघतेय. शेवटी न राहवून बोलते, "आवो दादा, जीव घाबरा झालाय त्याचा. भिजवा की त्याला चांगला."

बाटलीतलं थोडं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडलं जातं. मावशी म्हणत होती ते हे नव्हे.

थर्मामीटर लावला असता तर १०५ च्या आसपास दिसलं असतं, असं त्याच्या लक्षणांवरून म्हणता येतं. १०५.८ च्या पुढे, म्हणजे ४१ सेल्सिअसच्या वर, शरीरातली प्रथिनं आणि पेशी बिघडू लागतात. मेंदू, आतडी, मूत्रपिंडं आणि रक्त गोठवणारी यंत्रणा एकाच वेळी. तो उंबरठा अजून ओलांडलेला नाही. आणि इथे पाणी आहे. पद्मावती तळं आहे, टाकी आहेत, मावशीकडे कळशी आहे. पिण्याच्या टाक्यात कुत्र्याला उतरवायचं नाही, हे खरंच. पण पाणी कळशीने काढून बाजूला घ्यायला कोणाची हरकत नव्हती. त्याला सावलीत उभं किंवा आडवं ठेवून पोट, जांघा, काखा, मान, सगळीकडे पाणी ओतायचं, केसांच्या मुळापर्यंत हाताने चोळायचं, आणि दुसऱ्याने सॅकच्या पाठीच्या फळीने वारा घालायचा. पाणी आणि वारा, दोन्ही मिळून. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. १०३ वर आलं की ओतणं थांबवायचं, नाहीतर अंग पुढेही निवत राहतं आणि उलटा त्रास होतो. पाणी कोमटच हवं, गार पाण्याने झटका बसतो, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. आता जोर आहे तो मिळेल ते पाणी, ताबडतोब आणि भरपूर, यावर.

मग संध्याकाळपर्यंत सावलीत बसायचं आणि ऊन उतरल्यावर खाली यायचं. सोमवारी ऑफिसला उशीर झाला असता, इतकंच.

या माचीवरचा पाऊण तास मला सगळ्या दिवसात महत्त्वाचा वाटतो. इथे डब्यातली एकच वस्तू लागणार होती, आणि बाकी सगळं गडावर फुकट होतं.

सकाळी ११:३५ — पडायला ३५ मिनिटं

बहिणीला आता काहीतरी खटकतंय. "दादा, चला, खाली नेऊ त्याला. थकलाय." हेतू चांगला, वेळ वाईट. उतरणं म्हणजे विश्रांती असं वाटतं, पण उतारावर ३८ किलो वजन पायरीपायरीला तोलून धरताना स्नायू राबतच असतात, डोक्यावर बाराचं ऊन आणि खाली तापलेला दगड.

ब्रूनोचे मागचे पाय तिरपे पडू लागलेत, प्यायलेल्या माणसासारखे. हाक मारल्यावर तो दुसरीकडेच बघतो. पंजा दगडावर घासून गादीची साल निघालीय, प्रत्येक पायरीवर बारीक लाल ठसा. ते रक्त बघून सगळे थांबतात. पंजावर बँडएड लावतात, ती दोन पायऱ्यांत निघून जाते. खरा धोका पंजाच्या बराच वर आहे, पण डोळ्यांना दिसतं ते रक्त. माणसांच्या अपघातातही असंच होतं.

दुपारी १२:१०

तो बसत नाही, कोसळतो. एका कुशीवर, चारही पाय ताठ, डोळे उघडे.

पुढच्या पंधरा मिनिटांत जे होतं ते सगळं प्रेमापोटी होतं, आणि जवळपास सगळं चुकतं. एकजण ओढणी ओली करून त्याच्या अंगावर पांघरतो. ओलं कापड दोन मिनिटांत अंगाइतकंच गरम होतं आणि खालची वाफ कोंडून ठेवतं. कापड अंगाखाली चालेल, अंगावर नको. दुसरा बाटलीचं तोंड त्याच्या जबड्यात घालतो. शुद्ध हरपत आलेल्या कुत्र्याला गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात जातं. "क्रोसिन आहे ना? ताप उतरेल." हा ताप नाही. तापात मेंदूच शरीराचं तापमान मुद्दाम वाढवतो, म्हणून औषधाने ते उतरतं. इथे मेंदूचा हुकूम चालेनासा झालाय. पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य, यकृताला इजा मात्र होऊ शकते.

उचलायला जाताच ब्रूनो भानावर नसताना दात मारतो. भावाच्या मनगटावर ओरखडा. कुणीतरी क्रेप बँडेजने त्याचं तोंड बांधतो. जखमी, दुखऱ्या कुत्र्याचं तोंड गॉजच्या पट्टीने बांधावं हे प्रथमोपचारात शिकवतात, बरोबरच आहे. पण धापणाऱ्या किंवा उलटी होणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधायचं म्हणजे त्याची गार होण्याची उरलीसुरली एकमेव वाट बंद करायची. मिनिटभराने बहीण ते बँडेज ओरबाडून काढते. तिला कारण सांगता आलं नसतं, तिला ते बघवलं नाही एवढंच.

फोन. १०८ माणसांसाठी. १९६२ हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर, प्रामुख्याने गायी-गुरांसाठी. खालच्या गावात गाडी येऊ शकली तरी या पायऱ्यांवर येणार नाही. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही, रविवार आहे. दुसऱ्या दवाखान्याचा नंबर शोधताना रेंज जाते.

सॅकमध्ये मिळून तीन बाटल्या पाणी उरलंय. ते सगळं, एकदम, पोटावर आणि जांघांत ओतून वारा घालायला हवा होता. "आपल्यालाही लागेल खाली जाईपर्यंत," म्हणून दोन राखून ठेवल्या जातात.

दुपारी १२:२५ ते १:४० — पडून १५ मिनिटं ते दीड तास

३८ किलोचं ढिलं शरीर हातांवर घेऊन पायऱ्या उतरणं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. धरायला काही नसतं. मान एकीकडे लोंबते, मागचा भाग दुसरीकडे. दर वीस-तीस पायऱ्यांना खाली ठेवायचं, माणूस बदलायचा. चार जणांनी चार टोकं धरायला घरातली एक चादर असती तर निम्म्या वेळात उतरले असते.

अर्ध्या वाटेवर गावातली दोन पोरं दिसतात, बघताच धावत खाली जातात आणि बांबू-घोंगडी घेऊन येतात. झोळी होते. पोरांना कोणी शिकवलेलं नाही; डोंगरातल्या गावांनी आजारी माणसं अशीच खाली नेलीत.

वाटेत ब्रूनोला रक्ताचे जुलाब होतात. आतड्याचं अस्तर सुटू लागलंय.

दुपारी १:४० — पडून दीड तास

इस्रायलमधल्या विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात १९९९ ते २००४ या काळात उष्माघाताने आलेल्या ५४ कुत्र्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मी दगावली. कोसळल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत दीड तासाहून जास्त वेळ गेलेल्यांना धोका अधिक होता. पालीच्या पायथ्यावर ब्रूनोचा तो दीड तास संपतो, आणि पुणे अजून दोन तासांवर आहे.

गावात बोअरच्या नळाला पाइप लावलेला आहे. एक म्हातारे बाबा ओट्यावरून उठून येतात. "आधी पाणी मारा त्याच्यावर. दहा मिन्टं मारा, मग न्या."

"बाबा, टाइम नाहीये, डॉक्टरकडे न्यायचंय!"

ब्रिटनमधल्या त्याच अभ्यासकांनी २०१६ ते २०१८ मधले रुग्ण तपासले. दवाखान्याकडे निघण्याआधी गार केलेली कुत्री होती जेमतेम २२ टक्के. बाकीच्यांचे मालक पालीच्या या चौघांसारखेच: आजारी जीव दिसला की उचला आणि पळा. इतर बहुतेक आजारांत ते बरोबरही असतं. इथे नाही, कारण दोन तासांच्या प्रवासात शरीर आतल्या आत शिजत राहतं, आणि डॉक्टर पहिलं काम करणार तेही पाणी आणि पंख्याचंच. आधी गार करायचं, मग गाडी काढायची. बाबांनी हा अभ्यास वाचलेला नाही. त्यांनी उन्हाने पडलेले बैल पाहिलेत.

गाडी पाच तास उन्हात उभी होती. स्टिअरिंगला हात लावता येत नाही. ब्रूनोला मागच्या सीटवर झोपवतात, काचा वर, एसी फुल्ल. ओलं अंग आणि उघड्या काचांतून सुटलेला वारा याने जास्त काम झालं असतं, पण अंग आता कोरडंच आहे.

दुपारी ४:०० — पडून ३ तास ५० मिनिटं

पहिला दवाखाना बंद. दुसऱ्यात स्ट्रेचर बाहेर येतं. थर्मामीटर दाखवतो १०२.२, आणि भावाला वाटतं, उतरला! डॉक्टरांचा चेहरा बदलत नाही. एवढ्या उशिरा तापमान आपोआप खाली आलेलं असतं, कधी नेहमीपेक्षाही खाली. नुकसान आधी होऊन गेलेलं असतं.

पोटावरचे केस काढल्यावर त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसतात. रक्तात साखर कमी, प्लेटलेट घसरलेल्या. शरीरभर बारीक गुठळ्या होत राहतात, त्यात गोठवणारे घटक संपतात, आणि मग साध्या सुईच्या जागेतूनही रक्त थांबत नाही. सलाइन, ग्लुकोज, ऑक्सिजन. प्लाझ्मा हवा असतो. त्यासाठी धडधाकट, लसीकरण झालेलं दुसरं मोठं कुत्रं रक्त द्यायला आणावं लागतं. संध्याकाळी साडेसहाला सोसायटीतला एक जर्मन शेफर्ड येतो, रक्त देतो, बिस्कीट खाऊन घरी जातो.

"किती वाजता पडला?" डॉक्टर तिसऱ्यांदा विचारतात. "कोसळल्यावर गार केलं का, कशाने, किती वेळ?" चौघांची चार उत्तरं. शेवटी मित्राच्या फोनमध्ये १२:१३ चा एक फोटो सापडतो. कोणी आणि का काढला ते आठवत नाही, पण केसपेपरवर वेळ लागते.

सोमवार, पहाटे २:४०

रात्री अकराला पहिली फिट. मग दुसरी. लघवी झालेलीच नाही. उष्माघाताने जाणारी बहुतेक कुत्री पहिल्या चोवीस तासांत जातात. ब्रूनोला साडेचौदा लागले.

सोमवार, सकाळी १०:३०

सोसायटीत आणि नातेवाइकांत "हार्ट अटॅक" गेलेला आहे. सांगायला सोपा, आणि त्यात कोणाचा काही दोष निघत नाही. उष्माघाताने गेलेल्या कित्येक कुत्र्यांची नोंद लोकांच्या बोलण्यात हार्ट अटॅक किंवा "कुणीतरी काहीतरी खायला घातलं" अशीच राहते. केसपेपरवर मात्र डॉक्टरांनी उष्माघात लिहिलंय आणि ते बदलायला तयार नाहीत.

बहीण फाईल घ्यायला आली आहे. "गावात त्या बाबांचं ऐकलं असतं तर वाचला असता का?"

"गावात? नक्की सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणतात. "वर, माचीवर केलं असतं तर बहुधा वाचला असता." मग थोडं थांबून, "घरात दुसरं कुत्रं आहे?"

"आत्याकडे पग आहे. ट्रेकला नाही नेत त्याला, पण दुपारी टेरेसवर खेळत असतो."

डॉक्टर कोरा कागद ओढतात आणि लिहू लागतात: नेहमीचं १०१ ते १०२.५. १०४ ला सावलीत घेऊन पाणी-पंखा सुरू. १०३ ला बंद. खाली दोन दवाखान्यांचे नंबर, रविवारी कोणता उघडा असतो त्यासकट. "टेरेस सकाळी सातच्या आत. आत्यांना आजच फोन करा," ते म्हणतात. "यंदा मे अजून यायचाय."